भोपळा फुटू न देणारे अकरा

21-0. नुसता स्कोअर वाचला तर वाटेल, एकतर्फी मॅच झाली असणार आणि जिंकणाऱ्यांनी नुसता धुमाकूळ घातला असणार. पण गंमत अशी, की 60 मिनिटांच्या या मॅचमध्ये जिंकणाऱ्या टीमला पहिल्या 55 मिनिटांत एकही टचडाउन करता आलं नव्हतं. तरीही मॅच त्यांच्या खिशात होती. कारण समोरच्या टीमला त्यांनी श्वासच घेऊ दिला नव्हता.

तारीख 9 जानेवारी 2012. ठिकाण, न्यू ऑर्लिन्सचं सुपरडोम स्टेडियम. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची फायनल. एका बाजूला अलाबामा विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला लुइझियाना स्टेट, म्हणजे एलएसयू. कॉलेजच्या पोरांची ही मॅच बघायला स्टेडियममध्ये 78 हजारांहून जास्त लोक होते. आपल्याकडे इंटर-कॉलेज फायनलला टीमचे मित्र आणि दोन प्रोफेसर आले तरी गर्दी झाली म्हणतात, हे लक्षात घ्या म्हणजे तिथल्या वेडाचा अंदाज येईल.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? तो लांबोडका बॉल, ती हेल्मेटं, दर पाच सेकंदांनी थांबणारा खेळ! आम्ही मेस्सीवाले. बरोबर आहे. तरी ही एक मॅच समजून घ्या, कारण ती खेळापेक्षा आपल्या नजरेबद्दल जास्त सांगते. कोणाचं काम आपल्याला दिसतं आणि कोणाचं दिसतच नाही, हा प्रश्न अमेरिकेइतकाच आपल्या कॉलेजचाही आहे.

आधी नियम, अगदी थोडक्यात. मैदान 100 यार्डांचं. एका वेळी प्रत्येक टीमचे 11 जण मैदानात. ज्यांच्याकडे बॉल, त्यांना चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे जायचं असतं. गेले, तर पुन्हा चार प्रयत्न. नाही गेले, तर बॉल समोरच्याला. शेवटच्या रेषेपलीकडे बॉल नेला की टचडाउन, म्हणजे सहा गुण, आणि त्यावर लाथ मारून एक जादा गुण मिळवायची संधी. तिथवर पोचता येत नसेल तर लांबूनच दोन खांबांमधून बॉल मारायचा. तो फील्ड गोल, त्याचे तीन गुण. महत्त्वाची गोष्ट म्हणजे इथे आक्रमण करणारे 11 वेगळे आणि बचाव करणारे 11 वेगळे. बॉल हातातून गेला की एक तुकडी बाहेर, दुसरी आत. त्यामुळे बचाव हे उरलेल्या वेळात करायचं काम राहत नाही. ते काही जणांचं पूर्णवेळ काम असतं.

कबड्डी खेळलेल्यांना हे सोपं जाईल. चढाईपटू एकटा येतो, सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. पण त्याला पकडायचं तर कोपरारक्षक, मध्यरक्षक, साखळी, सगळ्यांनी एका क्षणी हलावं लागतं. एकाचा हात सुटला की पॉइंट गेला. अमेरिकन फुटबॉलचा डिफेन्स हे असंच प्रकरण आहे, फक्त चढाई करायला 11 जण येतात आणि त्यातले काही जण दीडशे किलोचे असतात.

आधी हरले, मग शिकले

या फायनलला एक मागची गोष्ट होती. दोन महिन्यांपूर्वी, 5 नोव्हेंबर 2011 ला, याच दोन टीम अलाबामाच्या घरच्या मैदानावर, टस्कलूसामध्ये भिडल्या होत्या. देशातली पहिल्या क्रमांकाची टीम विरुद्ध दुसऱ्या क्रमांकाची. अमेरिकन मीडियाने मॅचच्या आधीच तिला 'शतकातली मॅच' म्हणून टाकलं. निकाल काय लागला? एलएसयू 9, अलाबामा 6. तोही ओव्हरटाइममध्ये. दोन्ही बाजूंनी मिळून एकही टचडाउन नाही, सगळे गुण फील्ड गोलचे. अलाबामाने सहा वेळा फील्ड गोलचा प्रयत्न केला आणि चार वेळा तो फसला. घरच्या मैदानावर जिंकता येण्यासारखी मॅच हातची गेली.

एलएसयू त्यानंतरही थांबली नाही. त्या सीझनमध्ये त्यांनी ऑरेगॉन, वेस्ट व्हर्जिनिया, आर्कान्सा, जॉर्जिया अशा तगड्या टीमना लोळवलं. फायनलला आले तेव्हा त्यांच्या नावावर 13 मॅच, 13 विजय होते. मॅचमागे सरासरी 35 हून जास्त गुण करणारी टीम होती ती. त्यात फायनल न्यू ऑर्लिन्समध्ये, म्हणजे त्यांच्याच राज्यात. त्यांचं कॅम्पस बॅटन रूजला, तिथून साधारण 130 किलोमीटरवर. मैदान घरचं, माणसं घरची, फॉर्म जबरदस्त.

आणि या टीमला भोपळाही फोडता आला नाही.

92 यार्ड

आकडे बघा. संपूर्ण मॅचमध्ये एलएसयूने मिळून कमावले 92 यार्ड. म्हणजे साधारण 84 मीटर. 60 मिनिटांच्या मॅचमध्ये त्यांची सगळी चाल जोडली तरी मैदानाची लांबी भरत नाही. 10 यार्डांचा टप्पा ओलांडून नवे चार प्रयत्न मिळवणं त्यांना फक्त पाच वेळा जमलं. अलाबामाला 21 वेळा. मैदानाची मधली रेषा एलएसयूने पहिल्यांदा ओलांडली ती थेट चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये. कशीबशी अलाबामाच्या 32 यार्डांच्या रेषेपर्यंत मजल गेली, तिथून त्यांना पुन्हा मागे ढकललं गेलं, आणि चौथ्या प्रयत्नात लाइनबॅकर डॉन्टा हायटॉवरने क्वार्टरबॅक जॉर्डन जेफरसनला पाडून बॉलच सोडवला. खेळ खल्लास.

जेफरसनचं काय झालं हे बघण्यासारखं आहे. क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा मेंदू. बॉल कोणाला द्यायचा हे तो ठरवतो. त्या रात्री त्याने 17 पास टाकले, 11 पोचले, पण त्यातून मिळाले फक्त 53 यार्ड. मागे जाऊन उभं राहावं तर समोरून कोर्टनी अपशॉ अंगावर येतोय. पास कोणाला द्यावा तर ड्रे कर्कपॅट्रिक, मार्क बॅरन प्रत्येकाला चिकटून उभे. स्वतःच पळावं तर वाट बंद. तिसऱ्या क्वार्टरमध्ये घाईघाईत त्याने बॉल पुढे ढकलला तो थेट अलाबामाच्या सी. जे. मोझलीच्या हातात. बाहेर बेंचवर जॅरेट ली बसून होता. सीझनच्या पहिल्या नऊ मॅचमध्ये सुरुवातीला तोच उतरला होता. स्टँडमधून त्याच्या नावाचा घोष सुरू झाला, पण कोच लेस माइल्स यांनी त्याला शेवटपर्यंत उतरवलं नाही.

दुसऱ्या बाजूला अलाबामा थेंबे थेंबे तळे साचवत होती. किकर जेरेमी शेलीने सात फील्ड गोल मारून पाहिले, पाच बसले. नोव्हेंबरमध्ये जिथे घात झाला होता, तिथेच या वेळी काम झालं. हाफ टाइमला 9-0, मग 12-0, मग 15-0. शेवटी साडेचार मिनिटं उरलेली असताना ट्रेंट रिचर्डसन 34 यार्ड पळत गेला आणि मॅचमधलं एकमेव टचडाउन झालं. दोन्ही मॅच धरल्या तर जवळपास 115 मिनिटं आणि वर एक ओव्हरटाइम इतक्या खेळानंतर झालेलं हे पहिलं टचडाउन. त्यानंतरची जादा गुणाची लाथ हुकली, म्हणून स्कोअर 22 ऐवजी 21 वर थांबला.

तेव्हाच्या पद्धतीत, म्हणजे बीसीएसमध्ये, राष्ट्रीय फायनलला एखादी टीम शून्यावर राहण्याची ही पहिलीच वेळ. आणि हा एका रात्रीचा चमत्कार नव्हता. त्या पूर्ण सीझनमध्ये अलाबामाने मॅचमागे साधारण आठ गुणच दिले. गुण, एकूण यार्ड, पळून मिळालेले यार्ड, पासवर मिळालेले यार्ड, या चारही बाबतींत सगळ्यात कमी देणारा डिफेन्स देशात त्यांचाच होता.

डिफेन्स म्हणजे नुसतं अडवणं नाही

आपल्याला वाटतं, आक्रमण करणारा डोकं चालवतो आणि बचाव करणारा फक्त मध्ये उभा राहतो. 'डिफेन्सिव्ह खेळू नकोस' हे तर आपण शिवी दिल्यासारखं म्हणतो. त्या रात्री मात्र निर्णय डिफेन्स घेत होता. एलएसयूने काय करायचं नाही, हे अलाबामाने ठरवलं होतं. आधी त्यांचं पळणं बंद करायचं. ते बंद झालं की पासच टाकावा लागतो. पास टाकायला क्वार्टरबॅक जरा जास्त थांबला की त्याला गाठायचं. एकेक दार लावत गेले आणि शेवटी जेफरसनकडे एकच दार उरलं, आणि त्या दारामागे हायटॉवर उभा होता.

हे घडवणारी डोकी दोन. मुख्य कोच निक सेबन आणि डिफेन्सचा आराखडा सांभाळणारे कर्बी स्मार्ट. योगायोग असा, की सेबन यांनी आधी एलएसयूलाच कोचिंग दिलं होतं आणि 2003 च्या सीझनचं विजेतेपद याच सुपरडोममध्ये त्यांना मिळवून दिलं होतं. त्यांची शिकवण साधी होती. स्कोअरबोर्डकडे बघू नका, समोर आलेल्या एका चालीत तुमच्या वाट्याचं काम करा. बोलायला सोपं, करायला महाकठीण. कारण तुमच्या वाट्याचं काम बऱ्याचदा असं असतं, की ते नीट केलं तर कोणाला कळतच नाही.

याचं उदाहरण जॉश चॅपमन. डिफेन्सच्या अगदी मधोमध, बॉलच्या समोर उभा राहणारा नोज टॅकल. त्याचं काम काय? समोरून येणारे दोन-दोन धिप्पाड खेळाडू स्वतःच्या अंगावर घ्यायचे, म्हणजे मागच्या हायटॉवरला वाट मोकळी मिळेल. टॅकल हायटॉवरच्या नावावर, फोटो हायटॉवरचा. चॅपमनच्या नावापुढचे आकडे बघून कोणी वाहवा करणार नाही. पण तो हलला असता तर सगळी भिंत कोसळली असती. आणि हा माणूस त्या सीझनमध्ये गुडघ्याचं लिगामेंट फाटलेलं असताना खेळत होता. फायनल झाल्यावर त्याने ऑपरेशन करून घेतलं.

टाळ्या वाजवायला हात पुढे आले असतील तर जरा थांबवा. एका 22-23 वर्षांच्या, म्हणजे तुमच्या-आमच्या वयाच्या मुलाने फाटलेल्या गुडघ्यावर दीडशे-दीडशे किलोची माणसं झेलायची, याला नुसतं शौर्य म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्या शौर्याचे पैसे कोणाला मिळत होते, हेही विचारायला हवं.

आकडे सगळ्यांचेच मोजा

तेव्हाच्या नियमांनुसार खेळाडूला मिळायची ती स्कॉलरशिप: शिक्षण, राहणं, खाणं. बस. जाहिरात करायची नाही, स्वतःच्या नावाचा टी-शर्ट विकून पैसे घ्यायचे नाहीत. सेबन यांचा त्या काळातला वार्षिक पगार 40 लाख डॉलरच्या वर होता. टीव्ही चॅनेल, जाहिरातदार, विद्यापीठं, सगळ्यांची दिवाळी होती. ज्यांच्या जिवावर ती होती, ते मात्र 'विद्यार्थी-खेळाडू' होते. म्हणजे हौशी.

हे बदलायला जवळपास दहा वर्षं गेली. खेळाडूंनी कोर्टाची दारं ठोठावली. 2021 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने नऊ विरुद्ध शून्य अशा निकालात, शिक्षणाशी संबंधित लाभांवर बंधनं घालणाऱ्या कॉलेज क्रीडा संघटनेला, म्हणजे एनसीएएला, दणका दिला. तोही भोपळाच! त्याच वर्षी 1 जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमाई करता येऊ लागली. 2025 मध्ये आणखी एका खटल्यात तडजोड झाली आणि विद्यापीठांना थेट खेळाडूंना पैसे देण्याची वाट मोकळी झाली.

न्याय झाला? काही अंशी. पण या नव्या बाजारातही सगळ्यात महाग कोण? क्वार्टरबॅक. ज्याचा चेहरा पोस्टरवर शोभतो तो. मधोमध उभा राहून दोघांना अंगावर घेणारा आजही यादीत खालीच. पैसा आला तरी नजर बदललेली नाही.

बोअर झाली म्हणे

2012 च्या त्या फायनलवर तक्रारी खूप झाल्या. पहिली तक्रार, मॅच बोअर झाली. टचडाउन नाही, लांब पास नाही, नुसती ढकलाढकली. दुसरी तक्रार जास्त गंभीर होती: ही मॅच व्हायलाच नको होती. एलएसयूने अलाबामाला एकदा हरवलं होतं ना? मग पुन्हा संधी का? अलाबामाने तर आपल्या विभागाचं विजेतेपदही मिळवलं नव्हतं. ओक्लाहोमा स्टेटसारखी एकच मॅच हरलेली टीम बाहेर बसली आणि एकाच विभागातल्या दोन टीम फायनलला आल्या.

दुसरी तक्रार आम्हाला पटते. कॉम्प्युटर आणि मतदानाच्या बेरजेतून फक्त दोन टीम निवडायच्या, ही पद्धत अन्यायाचीच होती. फायनलनंतरही एपीच्या 60 मतदारांपैकी पाच जणांनी अलाबामाला पहिला क्रमांक दिला नाही. या वादाने पद्धत बदलायला जोर आला. 2014 च्या सीझनपासून चार टीमचा प्लेऑफ सुरू झाला आणि 2024 पासून 12 टीमचा. पण पद्धत चुकीची होती म्हणून मैदानावरचं काम खोटं ठरत नाही. संधी वादातून मिळाली असेल, 92 यार्ड वादातून मिळत नाहीत.

पहिल्या तक्रारीला मात्र आमचा साफ विरोध. मॅच बोअर नव्हती, आपल्याला बघता येत नव्हतं. 30 सेकंदांच्या रीलमध्ये टचडाउन मावतं. तीन तास एकही वाट उघडी न ठेवणं रीलमध्ये मावत नाही. न घडलेल्या गोष्टीचा हायलाइट कसा कापणार?

कोणी म्हणेल, खेळ आता बदलला. खरंय. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये याच दोन टीम टस्कलूसामध्ये खेळल्या आणि स्कोअर झाला एलएसयू 46, अलाबामा 41. जो बरो नावाच्या क्वार्टरबॅकने त्या वर्षी पासची बरसात करून एलएसयूला विजेतेपद मिळवून दिलं. आक्रमणाचं युग आलं म्हणून सगळ्यांनी जाहीर केलं. आणि मग? 2012 च्या त्या डिफेन्सचे आखणीकार कर्बी स्मार्ट जॉर्जियाचे मुख्य कोच झाले होते. त्यांनी 2021 च्या सीझनमध्ये पुन्हा तसाच डिफेन्स उभा केला आणि फायनलमध्ये हरवलं ते खुद्द सेबन यांच्या अलाबामाला, 33-18. त्या जॉर्जियाच्या डिफेन्समधले पाच जण पुढच्या एनएफएल ड्राफ्टच्या पहिल्याच फेरीत निवडले गेले. फॅशन बदलते, भिंतीची गरज बदलत नाही.

आपल्या कॉलेजातले चॅपमन

आता जरा आपल्या आजूबाजूला बघा. एकांकिका स्पर्धेत करंडक मिळतो तेव्हा फोटोत पुढे कोण असतं? आणि ज्याने लाइटचा एकही क्यू चुकू दिला नाही तो कुठे असतो? फेस्ट संपल्यावर अँकरचं कौतुक होतं. ज्या मुलीने सगळी बिलं सांभाळली, म्हणून नंतर प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये कोणाला उभं राहावं लागलं नाही, तिचं नाव आभारप्रदर्शनातही राहून जातं. ग्रुप प्रोजेक्टच्या आदल्या रात्री कोणीतरी एक चुकीचा आकडा शोधून काढतं. प्रेझेंटेशन दुसराच कोणी गाजवतो. होस्टेलमध्ये ज्या वर्षी रॅगिंग होत नाही, त्या वर्षी बातमी येत नाही. पण ते आपोआप होत नसतं. कोणीतरी सीनियर रात्री दारात उभा राहिलेला असतो.

या सगळ्यांच्या कामाचं माप एकच: काहीही वाईट घडलं नाही. आणि 'काहीही घडलं नाही' याला आपल्या सीव्हीत रकाना नाही.

आम्हाला वाटतं, तो रकाना आपणच काढायला हवा. अवघड नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये त्या रात्री दोन बेस्ट प्लेअर निवडले गेले. आक्रमणासाठी क्वार्टरबॅक ए. जे. मॅकॅरन, बचावासाठी कोर्टनी अपशॉ. आपल्या मातीतल्या कबड्डीला तर हे केव्हाचंच कळलंय. गावोगावच्या स्पर्धांत उत्कृष्ट चढाईचं बक्षीस असतं, तसं उत्कृष्ट पकडीचंही असतं. मग हेच शहाणपण गॅदरिंगच्या बक्षीस समारंभात का नको? कमिटीच्या रिपोर्टमध्ये का नको?

फक्त एक अट. कौतुक करायचं म्हणजे त्याग मागायचा असं समजू नका. चॅपमनच्या गुडघ्याचं गुणगान करून त्याला पुन्हा मैदानात ढकलणं, हे कौतुक नाही. जो भिंत होऊन उभा आहे त्याला मोबदला द्या, श्रेय द्या आणि थकला की खाली बसायची मुभा द्या. बॅकस्टेजला तीन रात्री जागणाऱ्या मुलाला 'तू तर आपला आधारस्तंभ' म्हणून चौथ्या रात्री जागवू नका.

आणि तुम्ही स्वतः तसे असाल, म्हणजे फोटोत कडेला, आभारांच्या यादीत शेवटी, तर 92 हा आकडा लक्षात ठेवा. 13 मॅच न हरलेली टीम, स्वतःच्या राज्यात, हजारो चाहत्यांसमोर, 92 यार्डांपलीकडे गेली नाही. ते यार्ड कोणी अडवले याची यादी स्कोअरकार्डावर पूर्ण सापडणार नाही. पण स्कोअरकार्डावरचा तो शून्य त्यांनीच लिहिलाय.